बॅबिलॉनच्या अवशेषांची पहिली नीट पाहणी कोणी केली? ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लेयर्डनेच का?

नाही, लेयर्डच्या कितीतरी आधी, डिसेंबर 1811 मध्ये, ती क्लॉडियस जेम्स रिचने केली. हा ईस्ट इंडिया कंपनीचा बगदादमधला रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी. तिथला कारभार मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता, आणि रिचचं लग्नही मुंबईतच झालं होतं, तिथले रेकॉर्डर (न्यायाधीश) सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या मुलीशी. हिल्ला गावाजवळच्या टेकाडांची, म्हणजे बॅबिलॉनच्या अवशेषांची, त्याने मोजमापं घेतली, नकाशा केला, थोडं खोदूनही पाहिलं. गावकरी घरं बांधायला तिथल्याच भाजलेल्या विटा काढून नेत होते, आणि त्यांतल्या कित्येकांवर बाणाच्या टोकासारखी अक्षरं उमटवलेली होती. पुढे 1820 मध्ये त्याने मोसुलसमोरची निनवे या प्राचीन शहराची टेकाडंही पाहिली. 1821 मध्ये शिराझला कॉलऱ्याने तो गेला. त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने 1825 मध्ये घेतला. लेयर्ड त्या भागात पोचला तो 1840 मध्ये.

फक्त ‘पहिला उत्खनक’ हा मान रिचला देऊ नका. त्याच्याआधी, अठराव्या शतकात, बोशां या फ्रेंच पाद्र्याने तिथे खोदकाम करवलं होतं. शिवाय विटांवरची ती कीलाकार लिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे रिचच्या मोजमापांवर जेवढा भरवसा ठेवावा तेवढा त्याच्या तर्कांवर ठेवू नये.