कॅराव्हॅनच्या मागे ‘वळणाऱ्या वाहनाला ओलांडू नका’ ही पाटी लावावीच लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नमध्ये राहता, जुनी १८ फुटी कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेतली आहे, आणि मोठ्या ट्रकांच्या मागे दिसते ती ‘डू नॉट ओव्हरटेक टर्निंग व्हेइकल’ ही पाटी तिच्यावर नाही. ती लावणं सक्तीचं आहे का? आणि कॅराव्हॅन ७.५ मीटरपेक्षा कमी भरत असेल तर लावता तरी येते का?

सक्ती नाही. लावता मात्र नक्की येते. आणि माझं ऐकाल तर पहिल्या सहलीला निघायच्या आधी लावा. आम्ही गेली आठ वर्षं कॅराव्हॅन ओढतोय, त्यातली निम्मी वर्षं गाडी मीच चालवलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लांबीचा घोळ मिटवू, कारण तो बहुतेक नव्या लोकांचा होतो. १८ फूट हे नुसत्या डब्याचं माप, म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास. पुढचा ड्रॉबार, म्हणजे गाडीला जोडायचा दांडा, धरला की सातेक मीटर. मग आपण म्हणतो, साडेसातच्या आत आहोत, आपला काही संबंध नाही. पण नियम एकट्या कॅराव्हॅनची लांबी विचारतच नाही. रस्त्याच्या नियमांत ‘वाहन’ म्हणजे काय हे १५व्या नियमात सांगितलंय, आणि गाडीला ट्रेलर जोडून जे होतं तेही तिथे एक वाहनच धरलंय. शिवाय ७.५ मीटर मोजायचे ते वरचं सामान आणि बाहेर आलेला कुठलाही भाग धरून. म्हणजे तुमच्या गाडीच्या पुढच्या बंपरपासून कॅराव्हॅनमागे टांगलेल्या सायकलींच्या शेवटापर्यंत. एक दिवस घरासमोर गाडी जोडून सरळ उभी करा आणि टेपने मोजा. पाच मीटरची गाडी असेल तर अकरा-बारा मीटर सहज भरतील. अगदी छोटा कॅम्पर ट्रेलर ओढणाराही बहुतेक वेळा साडेसातच्या पुढे जातो.

उलट बाजूला, सात मीटरच्या आतल्या मोटरहोमवर किंवा साध्या कॅम्परव्हॅनवर कोणी कोणी ही पाटी हौसेने चिकटवतात. त्यांना तिचा कायद्याने काहीही उपयोग नाही. लांबी आणि पाटी, दोन्ही असतील तरच पुढची सवलत मिळते.

ती सवलत कळायला वळण कळलं पाहिजे. मी सांगली जिल्ह्यातली. गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या फाट्यावर वळताना लहानपणापासून पाहिलाय. ट्रॅक्टरवाला आधी वळणाच्या उलट बाजूला चांगला बाहेर काढतो, मगच आत घेतो, कारण ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, आतून कापत येतात. फाट्यावर आतल्या अंगाला कुणी मोटारसायकल घेऊन उभा राहिला तर चार माणसं ओरडून त्याला मागे घ्यायची. कॅराव्हॅनचं अगदी तसंच आहे.

किती आत येते याचा हिशेब मी आमच्या कॅराव्हॅनपुरता करून ठेवलाय. जोडणीच्या गोळ्यापासून तिच्या दोन आसांच्या मध्यापर्यंत ४.६ मीटर. गोळा गाडीच्या मागच्या आसापासून १.२ मीटर मागे. गाडीची मागची चाकं ७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत राहिली, तर ट्रेलरची चाकं ५.४ मीटरच्या वर्तुळावर येतात: सातचा वर्ग अधिक १.२चा वर्ग, त्यातून ४.६चा वर्ग वजा, आणि जे येईल त्याचं वर्गमूळ. म्हणजे दीड मीटरहून जास्त आत. चौकातलं काटकोनी वळण लगेच संपतं, त्यामुळे तिथे फरक थोडा कमी पडतो. पण दीड मीटरच्या जरा आत म्हणजे एक सायकलस्वार अख्खा मावेल एवढी जागा. आपण इथेही भारतासारखंच डावीकडून चालवतो, तेव्हा डावं वळण सगळ्यात आखूड, आणि आतली बाजू म्हणजे फुटपाथची, पायी चालणाऱ्यांची आणि सायकलींची.

ही चाकं कडेच्या दगडावर चढू नयेत म्हणून लांब वाहनाला बाहेरून वळावं लागतं. आता नियम काय म्हणतो ते पाहा. अनेक लेनच्या रस्त्यावरून डावीकडे वळायचं तर डाव्या लेनमधूनच वळायला हवं. हा २८वा नियम, सगळ्यांना लागू. त्याला अपवाद आहे तो ७.५ मीटर किंवा जास्त लांबीच्या आणि ही पाटी लावलेल्या वाहनाचा. अशा वाहनाला डाव्या लेनच्या शेजारची लेनही वापरता येते, दोन्ही मिळून किंवा नुसती शेजारची. मात्र चौक ५० मीटरच्या आत आलेला हवा, डाव्या लेनमध्ये राहून वळणं जमण्यासारखं नसायला हवं, आणि शेजारची लेन घेणं व तिथून वळणं दोन्ही सुरक्षित हवं. उजव्या वळणाला आणि अनेक लेनच्या राउंडअबाउटलाही याच धर्तीची सोय आहे.

म्हणून ‘सक्ती नाही’ हे उत्तर अर्धवट वाटतं मला. पाटी नसताना तुम्ही दोन लेन अडवून वळलात, तर तुम्ही लेनचा नियम मोडलात. त्यात कोणी आतून घुसून धडकलं, तर पाटी का नव्हती हा प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार. वीस-पंचवीस डॉलरच्या वस्तूसाठी ही जोखीम कशाला घ्यायची?

मागच्या चालकावर येणारं बंधन १४३व्या नियमात आहे. पाटी लावलेलं लांब वाहन डावीकडे वळतंय आणि त्याचा डावा इंडिकेटर चालू आहे, तर त्याच्या डाव्या बाजूने पुढे जायचं नाही. उजवीकडे वळत असेल तर उजव्या बाजूने नाही. ‘सुरक्षित असल्याखेरीज’ अशी सूट त्यात आहे, आणि अपघात नेमके याच सूटीच्या फटीतून होतात, कारण ‘मावेल आपली गाडी’ असं मागच्याला नेहमीच वाटतं. नियमात इंडिकेटरचा उल्लेख आहे हेही विसरू नका. इंडिकेटर न देता बाहेर काढलंत तर मागच्याला पाटीचा अर्थ लागायचा तरी कसा? तो समजणार, हे उजवीकडच्या लेनमध्ये चाललेत, आणि डावीकडून मोकळ्या मनाने पुढे येणार. मी चौकाच्या बऱ्याच आधी इंडिकेटर देते, मग वेग उतरवते, आणि लेनची रेघ अगदी शेवटी ओलांडते. सायकलस्वारांना वेगळा नियमही आहे: डावीकडे वळणाऱ्या, इंडिकेटर दिलेल्या कुठल्याही वाहनाच्या डावीकडून त्यांनी जायचं नाही, पाटी असो वा नसो. तरी आरशात सायकल दिसली की मी थांबते. नियम माझ्या बाजूने आहे एवढ्या भरवशावर कुणाच्या अंगावरून चाक जाऊ द्यायचं नसतं.

आमच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. बॅलरॅटहून परतताना एका दोन लेनच्या चौकात डावीकडे वळायचं होतं. इंडिकेटर दिला, दोन्ही लेनांच्या मध्ये आले, सिग्नलला थांबले. हिरवा झाला, मी हळूहळू वळायला लागले, आणि डाव्या आरशात एक छोटी पांढरी गाडी दिसली. मी बाहेर काढल्यामुळे जी जागा रिकामी झाली होती, तिच्यात ती येऊन उभी. एव्हाना कॅराव्हॅनचा कोपरा तिच्या दारापासून हातभर उरला होता. मी जागच्या जागी थांबले. मागून हॉर्न सुरू झाले. ती मुलगी घाबरून गेली होती, तिला ना पुढे जाता येईना ना मागे. शेवटी माझा नवरा उतरला, मागच्या गाड्यांना हात करून तिला मागे घ्यायला जागा करून दिली.

पाटी होती हो आमच्याकडे. पण त्या सहलीला मागच्या बंपरवर मुलांच्या दोन सायकली टांगल्या होत्या आणि पाटी त्यांच्या मागे पूर्ण झाकली गेली होती. निघताना दिवे तपासले, टायरची हवा तपासली, आणि पाटी दिसते का हे बघितलंच नाही. त्या मुलीला दोष द्यायला माझ्याकडे तोंड नव्हतं. तेव्हापासून सगळं लादून झालं की मी दहा-पंधरा पावलं मागे जाऊन, मागच्या चालकाच्या नजरेने एकदा कॅराव्हॅनकडे बघते.

त्यावरूनच पाटी कुठे लावायची ते. मागच्या बाजूला, सायकलींच्या स्टँडने, स्टेपनीने किंवा उघड्या झाकणाने झाकली जाणार नाही अशा जागी. दिवे, रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेट तिच्यामुळे झाकले जाता कामा नयेत. घरी छापलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवू नका. मागच्या गाडीचा उजेड पडला की चमकणारी तयार पाटी कॅराव्हॅनच्या सामानाच्या दुकानात मिळते, तीच घ्या. चिकटवण्याआधी जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात कडा सुटतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स रेंजेसच्या डोंगरांकडे गेलात तर लाल धुळीने ती दोन दिवसांत दिसेनाशी होते. पेट्रोल भरताना काच पुसतो त्याच फडक्याने तीही पुसायची.

७.५ मीटरचा हाच आकडा आणखी एके ठिकाणी आडवा येतो, आणि तो नवीन लोकांना कोणी सांगत नाही. गाडी-कॅराव्हॅनचा जोड नियमांच्या भाषेत ‘लाँग व्हेइकल’ ठरतो. त्यामुळे वस्तीबाहेरच्या, एका दिशेला एकच लेन असलेल्या रस्त्यावर तुमच्या पुढे दुसरं लांब वाहन असेल, तर ओलांडत नसताना त्याच्यापासून निदान ६० मीटर मागे राहायचं. रोड ट्रेनच्या, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेल्या लांबलचक ट्रकांच्या भागात २०० मीटर. तीन कॅराव्हॅन एकमेकींच्या शेपटीला लागून निघाल्या की मागच्याला ओलांडायला मध्ये जागाच मिळत नाही. मित्रमंडळी मिळून जाणार असाल तर हे आधीच ठरवून निघा.

राज्यांचं म्हणाल तर व्हिक्टोरियाचे, म्हणजे तुमच्या मेलबर्नच्या राज्याचे, नियम २०१७चे, न्यू साउथ वेल्सचे २०१४चे, पण दोन्ही एकाच राष्ट्रीय नमुन्यावर बेतलेले, म्हणून मी दिलेले क्रमांक दोन्हीकडे चालतील. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा रोड ट्रॅफिक कोड आहे, तिथे क्रमांक वेगळे आहेत. तिकडे जाणार असाल तर ट्रेलर ओढताना कमाल वेग ताशी १०० किलोमीटर हे लक्षात असू द्या, फलकावर ११० लिहिलेलं असलं तरी.

पाटी लावून झाली की एका रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये जा. कडेच्या दगडाऐवजी चार रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या करा आणि डावं वळण दहा वेळा घ्या. एकाने चालवायचं, दुसऱ्याने बाहेर उभं राहून ट्रेलरचं डावं चाक बघायचं, मग अदलाबदल. मागचा कोपरा सुरुवातीला उलट बाजूला किती बाहेर झुकतो तेही तेव्हाच दिसेल. कितव्या फेरीला बाटल्या पडायच्या थांबल्या ते इथे खाली कळवा. आमच्या सहाव्या फेरीपर्यंत पडत होत्या.