पहिल्या महायुद्धात कुत येथे झालेल्या शरणागतीला जनरल टाउनशेंड जबाबदार होता का?

बऱ्याच अंशी हो, पण एकटा तो नाही.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी लढणारी या ब्रिटिश सेनापतीची ६वी डिव्हिजन ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जायची. तिच्यात मराठा पलटणीही होत्या, म्हणून हा विषय मला फार जवळचा वाटतो. १९१५ मध्ये टायग्रिस नदीच्या काठाने अमारा, मग कुत असे विजय झटपट मिळाले आणि वरिष्ठ सेनापती निक्सनला बगदाद दिसू लागलं. पुरेशी कुमक आणि नदीतून रसद आणायला बोटी नाहीत, हे टाउनशेंडला कळत होतं. त्याने तसं सांगितलंही, पण हुकूम पाळला. नोव्हेंबरमध्ये बगदादजवळच्या टेसिफोनला प्रचंड हानी झाली आणि फौज कुतला परतली. तिथे तुर्कांनी तिला वेढा घातला.

खरी चूक पुढची. वेढ्यात असताना त्याने अन्नसाठ्याचा अंदाज सुरुवातीला फारच कमी कळवला. त्यामुळे सोडवायला निघालेल्या फौजांनी अपुऱ्या तयारीनिशी घाईने हल्ले केले. त्यांत सुमारे २३,००० सैनिक ठार वा जखमी झाले. शेवटी १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३,००० जण शरण गेले.

कैदेत टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. त्याचे शिपाई मात्र वाळवंटातून पायी हाकलले गेले आणि हजारो वाटेत व छावण्यांत मेले. मी त्याला माफ करू शकत नाही तो यासाठी.

पुढे ब्रिटिश फौजेची सूत्रं घेतलेल्या जनरल मॉडने आधी रसद, बोटी आणि दवाखाने नीट उभे केले, मगच पाऊल उचललं. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं.