व्हॉट्सअॅप चालतं, पण बँकेचं पान उघडत नाही. मग नेट चालू की बंद?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काल व्हॉट्सअॅपवर नातीचे फोटो व्यवस्थित येत होते, पण बँकेचं पान काही केल्या उघडेना. मुलगा म्हणाला, "नेट चालू आहे, वेबसाइट डाउन आहे." आता नेट आणि वेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का, आणि हे सगळं चालतं तरी कसं, हे तुम्हाला वयाच्या ६१ व्या वर्षी नीट समजून घ्यायचंय. तुम्ही मांजलपूरला राहता असं लिहिलंय. मी दांडिया बाजारातला, म्हणून उदाहरणं आपल्या बडोद्याचीच घेतो. गेली वीस वर्षं मी इथल्या दुकानांत, दवाखान्यांत, लहान ऑफिसांत नेटवर्कचं काम करतोय. "नेट बंद आहे" हे वाक्य रोज कानावर पडतं, आणि जाऊन बघावं तर बऱ्याचदा नेट चालूच असतं, बिघाड भलतीकडेच असतो.

तुमचा मुलगा बरोबर बोलला. नेट वेगळं, वेब वेगळं.

मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी तुम्हाला माहीत असेलच. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना अमेरिकेतून बोलावून घेतलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या जायच्या, फिरती वाचनालयंच ती. आता पेटी गावात पोचायची तर रस्ता हवा, रेल्वे हवी. पण त्या रस्त्यावरून काही फक्त पुस्तकं जात नव्हती. कापूस जायचा, टपाल जायचं, वऱ्हाडं जायची. तो रस्ता आणि ती रेल्वे म्हणजे इंटरनेट. पुस्तकं मागवण्याची आणि पोचवण्याची व्यवस्था म्हणजे वेब. व्हॉट्सअॅप, ईमेल, व्हिडिओ कॉल, यूपीआय ही त्याच रस्त्यावरची बाकीची वाहतूक. काल तुमच्याकडे टपाल येत होतं, म्हणजे रस्ता मोकळा होता. ज्या एका वाचनालयात तुम्हाला जायचं होतं, त्याचं दार उघडत नव्हतं.

रस्ता वेबपेक्षा वीस वर्षांनी थोरला आहे. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या एका संगणकाने शेकडो किलोमीटर लांबच्या दुसऱ्या संगणकाला पहिला संदेश पाठवला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. एल आणि ओ ही पहिली दोन इंग्रजी अक्षरं पोचली आणि समोरची यंत्रणा कोसळली. पुढे १ जानेवारी १९८३ पासून त्या जाळ्यातल्या सगळ्या संगणकांनी बोलण्याचे एकच नियम स्वीकारले. त्यांना टीसीपी-आयपी म्हणतात आणि आजही तेच चालतात. वेब आलं त्यानंतर. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये त्याची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने ते सगळ्या जगाला फुकट वापरायला दिलं. या दिवसाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. त्यांनी दर पानामागे पैसे मागितले असते, तर तुम्ही-मी आज इथे मराठीत बोलत बसलो नसतो. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

आता या रस्त्यावरून माल जातो कसा ते बघा, कारण सगळी खुबी तिथेच आहे.

तुम्हाला ट्रंक कॉल आठवत असतील. बडोद्याहून पुण्याला कॉल लागला की दोघांमधली ती अख्खी वाट तुमच्यासाठी अडकून राहायची. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, दुसऱ्या कोणाला ती मिळायची नाही. म्हणजे वऱ्हाडासाठी अख्खी बस ठरवण्यासारखं. इंटरनेट बस ठरवत नाही. पन्नास वऱ्हाडी असतील तर प्रत्येकाच्या हातात कार्यालयाच्या पत्त्याची चिठ्ठी आणि एक क्रमांक देतं, आणि सांगतं, मिळेल त्या गाडीने या. कोणी सुरतेवरून येईल, कोणी नाशिकवरून. कार्यालयाच्या दारात एकजण यादी घेऊन उभा असतो. तो क्रमांकाने सगळ्यांना ओळीत बसवतो आणि कोण आलं नाही ते बघतो.

या वऱ्हाड्यांना पॅकेट म्हणतात. एक पॅकेट साधारण १५०० बाइटचं, म्हणजे अगदी चिमुकलं. नातीचा ३ एमबीचा एक फोटो सुमारे दोन हजार पॅकेटांत विभागला जाऊन येतो. प्रत्येकावर कुठून निघालं आणि कुठे जायचंय ते लिहिलेलं असतं. वाटेवरच्या प्रत्येक नाक्यावर एक राउटर असतो. तो फक्त पत्ता वाचतो आणि पुढच्या नाक्याकडे ढकलतो. संपूर्ण वाट त्यालाही ठाऊक नसते. वऱ्हाडाचं उदाहरण एका जागी मात्र लागू पडत नाही. वऱ्हाडी हरवला तर घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. पॅकेट हरवलं तर "सातशे बारावं आलं नाही, पुन्हा पाठव" असा निरोप जातो, आणि ते पुन्हा येतं, कारण मूळ प्रत पाठवणाऱ्याकडेच असते. व्हिडिओ कॉलमध्ये मात्र सहसा अशी वाट बघत नाहीत. हरवलेला तुकडा येईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं, म्हणून तिथे आवाज तुटतो आणि चेहऱ्याचे चौकोन होतात.

आणि पॅकेट कशावरून जातंय याचं पॅकेटाला काही सोयरसुतक नसतं. आपल्या डभोईच्या छोट्या रेल्वेचे डबे १८६२ मध्ये सुरुवातीला बैल ओढायचे, इंजिनं नंतर आली. डब्यातल्या मालाला त्याने काय फरक पडला? तसंच इथे. घरात वाय-फाय, खांबावरून वायर, रस्त्याखाली काच, मोबाईल असेल तर टॉवर, माल तोच.

काच म्हटलं ती खरोखरची काच. केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूतून उजेडाची उघडझाप जाते, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने. मुंबई आपल्यापासून चारशेएक किलोमीटर. एवढं अंतर कापायला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. मुंबईहून हेच तंतू समुद्राच्या तळाने परदेशी जातात. इंटरनेट उपग्रहातून येतं असं अनेकांना वाटतं, पण खंडाखंडांमधली बहुतेक सगळी वाहतूक या समुद्राखालच्या केबलींवरूनच होते. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या, तेव्हा आपल्याकडचं नेट कित्येक दिवस मंदावलं होतं. मंदावलं, पण ठप्प झालं नाही, कारण पॅकेटं दुसऱ्या वाटांनी जाऊ लागली.

दुसरी वाट खरंच दुसरी असली पाहिजे, हे मात्र मी बडोद्यात शिकलो. एका दवाखान्याने मुद्दाम दोन कंपन्यांच्या लाइनी घेतल्या होत्या, एक बंद पडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. उन्हाळ्यात बाहेर ड्रेनेजसाठी जेसीबी लागला आणि दोन्ही लाइनी एकाच मिनिटाला गेल्या. लाइनमन खड्ड्यातून वर बघत म्हणाला, "काका, बन्ने केबल कपाई गया छे." दोन्ही कंपन्यांची काच एकाच चरातून गेली होती. रिपोर्टसाठी ताटकळलेले पेशंट बाकावर बसून होते आणि माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून कोणी दुसरी लाइन घेतो म्हणालं की मी आधी विचारतो, ती कुठल्या रस्त्याने येते?

आता बँकेच्या पानाकडे येऊ. तुम्ही ब्राउजरमध्ये, म्हणजे क्रोमसारख्या वेबची पानं दाखवणाऱ्या अॅपमध्ये, बँकेचं नाव टाकता, पण राउटरना नावं कळत नाहीत, त्यांना आकडे लागतात. जुन्या पद्धतीच्या आकडी पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. ते जगाला पुरेनात, म्हणून त्याहून कितीतरी लांब नवे पत्तेही आता वापरात आहेत. लायब्ररीत तुम्ही पुस्तकाचं नाव घेऊन सरळ कपाटाकडे जात नाही. आधी कॅटलॉगमध्ये नाव शोधता, कार्डावरचा क्रमांक बघता आणि मग त्या क्रमांकाच्या फळीकडे जाता. इंटरनेटचा कॅटलॉग म्हणजे डीएनएस. तो एका जागी ठेवलेला नाही. तुमचा फोन आधी नेट देणाऱ्या कंपनीच्या यंत्राला विचारतो. त्याला माहीत नसेल तर ते सगळ्यात वरच्या मूळ सर्व्हरला विचारतं. तो म्हणतो, शेवटी 'इन' आहे ना, मग भारताच्या नोंदी ठेवणाऱ्याकडे जा. तो म्हणतो, या बँकेच्या नोंदी अमक्याकडे आहेत. अशी विचारपूस होऊन आकडा मिळतो, आणि पुढच्या वेळेसाठी तो काही काळ जवळ जपून ठेवला जातो. हे सगळं तुम्ही बोट उचलेपर्यंत होऊन जातं.

आकडा मिळाला की ब्राउजर बँकेच्या सर्व्हरला म्हणतो, पान द्या. सर्व्हर म्हणजे दुसरं काही नाही, रात्रंदिवस चालू असलेला, मागितलं की देणारा संगणक. क्लाउड म्हणतात तेही असेच संगणक, फक्त दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेले. पान मात्र एका घासात येत नाही. आधी मजकूर येतो, त्यात लिहिलेलं असतं की इथे अमुक चित्र, तिथे तमुक रंग; मग ब्राउजर एकेक वस्तू वेगळी मागतो. म्हणून हळू नेटवर अक्षरं आधी दिसतात आणि फोटो मागाहून.

तर काल काय झालं असेल? एक, बँकेचा सर्व्हरच बंद किंवा गर्दीने गुदमरलेला. हे सगळ्यात जास्त वेळा होतं, आणि अशा वेळी स्क्रीनवर ५०० किंवा ५०३ असे आकडे दिसू शकतात. दुसरं, डीएनएस अडकलं असेल. व्हॉट्सअॅपने आपली जोडणी आधीपासून उघडी ठेवलेली असते, त्यामुळे ते चालत राहतं आणि नवं पान मात्र सापडत नाही. तेव्हा संदेशात 'डीएनएस' हा शब्द बहुधा असतो. ४०४ दिसलं तर सर्व्हर जिवंत आहे, फक्त तुम्ही मागितलेलं पान तिथे नाही. आणि एक कारण असं, जे कोणाच्या लक्षात येत नाही: फोनची तारीख चुकलेली असणं. बँकेचा सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो, त्यावर मुदत असते. फोनला आज २०१५ साल वाटत असेल तर त्याला ते ओळखपत्र खोटं वाटतं आणि तो दार उघडत नाही. एका आजोबांचा फोन मी निव्वळ तारीख बदलून दुरुस्त केला आहे.

पुन्हा असं झालं तर आधी दुसरी एखादी वेबसाइट उघडून बघा. ती उघडली तर दोष बँकेकडे. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. तीही उघडली नाही तर वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर बघा. तिथे उघडलं तर गडबड घरच्या लाइनीत आहे. फोनवरची वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसते त्यावर जाऊ नका. ती फक्त फोन आणि घरातला राउटर यांच्यातलं सांगते, राउटरच्या पलीकडचं नाही.

बँकेचा विषय आहे म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. पत्त्याजवळचं कुलूप म्हणजे वाट बंदिस्त आहे, मधल्या कोणाला तुमचा पासवर्ड वाचता येणार नाही, एवढाच अर्थ. पलीकडे बँकच बसली आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोरालाही कुलूप मिळतं. त्यासाठी पत्ता वाचावा लागतो, आणि तोही उजवीकडून. सुरुवातीचं https:// सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या आधीचा जो शेवटचा भाग, तो खरा मालक. सुरुवातीला बँकेचं नाव मोठ्या दिमाखात असेल आणि शेवटी भलतंच काही असेल, तर ते पान बँकेचं नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना 'बँक डॉट इन' ने संपणाऱ्या पत्त्यांवर यायला सांगितलं, ते याचसाठी. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. काल पान उघडत नव्हतं म्हणून जर तुम्ही कोणी पाठवलेल्या दुसऱ्या लिंकवरून आत जायचा प्रयत्न केला असेल, तर आजच पासवर्ड बदला आणि पासबुकावरच्या नंबरवर बँकेला फोन करा.

आणि शक्य असेल तर काल स्क्रीनवर नेमके कोणते शब्द किंवा आकडे आले होते ते इथे लिहा. त्यावरून बिघाड कुठे होता ते बरंच नेमकं सांगता येईल.