लष्करी ट्रकच्या हौद्यावर किरमिच की व्हिनाइल?

प्रश्न : लष्कराच्या लिलावातून घेतलेला एक जुना शक्तिमान ट्रक आमच्याकडे आहे. इंजिन आणि ब्रेकचे काम झाले असून आता हौद्याच्या कमानींवर टाकायचे आच्छादन तेवढे उरले आहे. गाडीबरोबर आलेल्या मूळ कापडाच्या चिंध्या झाल्या आहेत. ताडपत्रीवाले म्हणतात, व्हिनाइल (प्लास्टिकचा थर चढवलेले कापड) घ्या, पुढची कित्येक वर्षे त्याकडे पाहावे लागणार नाही. लष्करातून निवृत्त झालेले आमचे काका मात्र, जुन्या गाडीला जुनेच कापड शोभते, सुती किरमिचाशिवाय (म्हणजे कॅनव्हासशिवाय) दुसरे काही लावू नका, असे बजावतात. गाडी शेतातल्या घराजवळ, तीन बाजूंनी उघड्या टिनाच्या शेडमध्ये उभी असते. मेळावे आणि राष्ट्रीय सण सोडले तर ती बाहेर निघत नाही. माल वाहत नाही. काय लावावे?
— एक वाचक, देवळी (जि. वर्धा)

उत्तर : आपण काकांचे ऐकावे. मात्र त्यांनी दिलेल्या कारणासाठी, म्हणजे केवळ जुन्या गाडीला जुने कापड शोभते म्हणून नव्हे, तर आपली गाडी छपराखाली असते आणि क्वचितच बाहेर निघते म्हणून. हीच गाडी रात्रंदिवस आभाळाखाली उभी असती किंवा रोज माल वाहत असती, तर मी ताडपत्रीवाल्यांच्या बाजूने बोललो असतो. कापड निवडताना बहुतेक जण आधी दराची चौकशी करतात. पण गाडी रात्री कुठे उभी राहते आणि आच्छादन वर्षातून किती वेळा काढावे-घालावे लागते, हे दोन प्रश्न दराच्या आधी यावेत.

इतिहासाच्या दृष्टीने आपल्या गाडीबाबत फारसा वाद नाही. जर्मनीच्या मान कंपनीच्या आराखड्यावरून 1959 पासून जबलपूरला बनू लागलेला शक्तिमान हा सुती किरमिचाच्या जमान्यातला ट्रक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी, फोर्ड आणि शेव्हरोले गाड्यांवरही जाड सुती कापडच असे. व्हिनाइलचे आच्छादन अमेरिकी लष्करी ट्रकांवर पुढील दशकांत आले. त्यामुळे एखाद्याकडे त्या काळातला अमेरिकी ट्रक असेल, तर त्याच्यावर व्हिनाइल हेदेखील अस्सलच ठरेल. म्हणजे किरमिच तेवढे खरे आणि व्हिनाइल तेवढे नकली, असे सरसकट म्हणता येत नाही.

आता कापडाच्या स्वभावाकडे वळू. सुती किरमिच पाणी अडवते ते दोन प्रकारे. एक तर त्याला मेणाचा लेप दिलेला असतो. दुसरे म्हणजे भिजल्यावर सुताचा धागा फुगतो आणि विणीतली छिद्रे आपोआप बुजतात. म्हणूनच कोरे किरमिच पहिल्या पावसात थोडे झिरपते आणि एक-दोनदा भिजून वाळल्यावर सुधारते. हे माहीत नसल्यामुळे अनेक जण पहिल्याच सरीनंतर दुकानदाराशी भांडायला जातात. भिजलेल्या किरमिचाला आतून बोट लावले की नेमके तिथूनच पाणी ठिबकू लागते. तंबूत राहिलेल्यांना हा अनुभव असतो. त्यामुळे हौद्यात ठेवलेली खुर्ची, बाकडे किंवा बांबू पावसाळ्यात कापडाला टेकू देऊ नयेत. वाळलेले किरमिच श्वास घेते, म्हणजे आतली दमट हवा त्यातून बाहेर पडते. जुन्या गाडीच्या लोखंडी कमानी आणि लाकडी फळ्या यांच्यासाठी ही गोष्ट कोणत्याही रंगकामापेक्षा मोलाची आहे.

व्हिनाइल म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर दोन्ही बाजूंनी चढवलेला पीव्हीसीचा थर. त्यातून पाणी अजिबात जात नाही, पण वाफही जात नाही. हा थर मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट पदार्थ मिसळलेले असतात, आणि उष्णता व ऊन यांमुळे ते हळूहळू निघून जातात. मग कापड ताठ होते, घडीवर चिरते आणि शेवटी आतली जाळी दिसू लागते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि गडद हिरवे कापड तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. ‘कित्येक वर्षे पाहावे लागणार नाही’ ही हमी थंड प्रदेशातल्या अनुभवावरून दिलेली असेल, तर ती आपल्या उन्हात टिकेलच असे नाही. उन्हापासून संरक्षण देणारा लेप असलेले चांगले व्हिनाइल अर्थातच पुष्कळ टिकते. स्वस्तातले मात्र दोन-तीन उन्हाळ्यांतच रंग टाकते. शेडखाली किरमिचालाही ऊन कमी लागते आणि पाऊसही कमी लागतो. किरमिचाचा खरा शत्रू ओलावा आहे, आणि त्या शत्रूला आपण छपराने निम्मे हरवलेलेच आहे.

खरेदीच्या वेळी मात्र डोळे उघडे ठेवावेत. ‘कॅनव्हास’ म्हणून बाजारात जे मिळते, त्यात पॉलिस्टरमिश्रित कापड पुष्कळ असते. ते वाईट नसते. कुजण्याला ते सुतापेक्षा जास्त तोंड देते. पण सुताच्या भावाने ते घेऊ नये. कडेचा एक धागा उपसून पेटवून पाहावा. सूत कागदासारखे जळते, जळक्या कागदाचा वास येतो आणि बोटांत चोळल्यावर मऊ करडी राख उरते. पॉलिस्टर आक्रसून वितळते आणि टोकाला कडक काळा मणी तयार होतो. वजनाच्या बाबतीत चौरस मीटरला 500 ग्रॅमच्या आसपासचे कापड आपल्या ट्रकला योग्य होईल. 30 चौरस मीटर कापड लागले तर कोरडे आच्छादन साधारण 15 किलो भरेल आणि भिजल्यावर चांगलेच जड होईल, त्यामुळे ते चढवायला दोघे जण लागतील. कूजरोधक प्रक्रिया केलेले कापड मिळाले तर थोडे जास्त पैसे द्यावेत. तांब्याच्या क्षारांची ही प्रक्रिया कापडाला स्वतःची हिरवट छटा देते.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती आटण्यामुळे. कोरे किरमिच पहिल्या भिजण्यात आटते, आणि किती आटते हे ठाणागणिक बदलते. त्यामुळे शिंप्याला माप देण्यापूर्वी एक मीटर लांब-रुंद तुकडा कापून घ्यावा, त्यावर लांबीच्या बाजूला खूण करावी, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा, सावलीत पूर्ण वाळू द्यावा आणि मग दोन्ही बाजू टेपने मोजाव्यात. लांबी तीन सेंटिमीटरने कमी झाली असेल, तर चार मीटर लांबीच्या आच्छादनाला बारा सेंटिमीटर जादा कापड धरावे लागेल. एवढा एक तुकडा वाया घालवायला लोक कचरतात आणि मग फाळक्यापर्यंत न पोहोचणारे आच्छादन घेऊन बसतात.

शिवण चपटी, दुहेरी दुमडीची असावी आणि तिची दुमड खालच्या बाजूला उतरती ठेवावी, म्हणजे तिच्यात पाणी साचत नाही. धागा असा घ्यावा की ज्याच्या आत पॉलिस्टर आणि वरून सूत गुंडाळलेले असते. आतला भाग ताकद देतो, वरचे सूत भिजून फुगते आणि सुईचे छिद्र बुजवते. दोरीच्या कड्या पितळी असाव्यात आणि त्यांच्याखाली कापडाचा दुसरा थर टाकावा. दोरी सुती किंवा तागाची असेल तर ती भिजल्यावर आखडते. तिच्याबरोबर कापडही आखडते आणि कड्या उपटून येतात. म्हणून पावसाळ्यात बांधणी किंचित सैल ठेवावी. लोखंडी कमानींवर गंजरोधक रंग देऊन वर निवारीची पट्टी गुंडाळावी. गंजाचा डाग नुसता कुरूप नसतो, तो सूत खातो.

निगेबद्दल आपल्या भागात दोन चुकीचे उपाय सर्रास केले जातात. पहिला म्हणजे जवसाचे तेल. जवस आपल्याकडे सहज मिळते आणि पूर्वी तेल पाजलेली कापडे वापरली जात, हे खरे आहे. पण ते तेल वाळताना कापड ताठ करते, कालांतराने सुताची ताकद कमी करते, आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो. शेडला लागून कडब्याची गंजी असेल तर याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दुसरा उपाय म्हणजे गाडीतून काढलेले जुने इंजिन ऑइल. ते तर मुळीच लावू नये. आच्छादन मळले असेल तर कोरड्या ब्रशने झाडावे आणि साध्या पाण्याने धुवावे; कपड्यांची साबण-पावडर लावली की मेणाचा लेप निघून जातो. पाणी मोत्यासारखे घरंगळण्याऐवजी कापडात मुरू लागले, की तंबूवाल्यांकडे मिळणारा पॅराफिनचा लेप उन्हात तापलेल्या, पूर्ण कोरड्या कापडावर ब्रशने द्यावा. ओले किरमिच घडी करून ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण आहे. आणि सरकीच्या पोत्यांच्या खोलीत ते मुळीच ठेवू नये, कारण उंदीर सरकी आणि कापड असा भेदभाव करीत नाहीत.

प्रश्न : माझा जुना लष्करी निसान ट्रक उघड्या अंगणात असतो. त्यावर व्हिनाइलचे आच्छादन आहे. पावसाळ्यानंतर सकाळी आतून थेंब पडलेले दिसतात, मात्र कुठे भोक सापडत नाही. शिवाय कॅबिनच्या छतावर जिथे कापड टेकते, तिथला रंग चिकट झाला आहे. आता किरमिच घ्यावे का?
— एक वाचक, पांढरकवडा (जि. यवतमाळ)

उत्तर : भोक सापडत नाही, कारण ते नाहीच. रात्री निरभ्र आभाळाखाली व्हिनाइल लवकर गार होते आणि जमिनीतून, ओल्या फळ्यांतून वर आलेली वाफ त्याच्या आतल्या बाजूला जमून थेंब होतात. पुढचा आणि मागचा पडदा वीतभर वर बांधावा, हवा आरपार खेळू द्यावी आणि हौद्याच्या फळ्या वाळवून घ्याव्यात. बहुतेक त्रास तेवढ्याने थांबेल. चिकटपणा हा व्हिनाइलमधल्या तेलकट पदार्थाचा आहे. तो हळूहळू रंगात उतरतो. कापड आणि रंग यांच्यामध्ये जाड सुती पट्टी घालावी. झालेला चिकटपणा काढण्यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये, त्याने रंग आणि कापड दोन्ही बिघडतील.

छप्पर नसताना किरमिच घेण्याचा सल्ला मी आपल्याला देणार नाही. ‘पोळा, पाऊस झाला भोळा’ असे म्हणतात खरे, पण सप्टेंबरच्या सरी आपल्याकडे काही कमी नसतात, आणि सतत ओले राहणारे किरमिच चार महिन्यांत काळ्या ठिपक्यांनी भरते. मेळाव्यासाठी किरमिच हवेच असेल, तर ते घरात कोरडे ठेवून त्या दिवसापुरते चढवावे. किरमिचावरूनच व्हिनाइल ओढण्याची युक्ती काही जण करतात. त्यात किरमिच घामेजून आतल्या आत कुजते आणि दोन्हींचे तोटे पदरी पडतात. वानरांचा त्रास असेल तर मात्र दोन्ही कापडे सारखीच फाटतात. तिथे कमानींवर बारीक तारेची जाळी हाच उपाय आहे.

प्रश्न : आच्छादन लष्करी हिरव्या रंगाचे घेतले तर चालते का? जुन्या किरमिचाला दोन ठिकाणी फाटले आहे, ते दुरुस्त होईल का?
— एक वाचक, साकोली (जि. भंडारा)

उत्तर : केंद्रीय मोटार वाहन नियमावली, 1989 मधील नियम 121 प्रमाणे संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. हा नियम गाडीच्या रंगाबद्दल बोलतो, कापडाबद्दल नाही. तरीही रस्त्यावर हटकणारा हवालदार इतका बारकावा पाहीलच असे नाही, म्हणून परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे, किंवा सरळ खाकी अथवा मातकट रंगाचे किरमिच घ्यावे. गाडीचा स्वतःचा रंग अजून ऑलिव्ह ग्रीन असेल, तर आच्छादनाआधी तो बदलावा.

फाटलेल्या जागेभोवतीचे कापड दोन्ही हातांनी ताणून पाहावे. ते टरकन फाटले तर ते कुजलेले आहे. तिथे ठिगळ टिकणार नाही. कापड मजबूत निघाले तर आतून आणि बाहेरून, फाटीच्या चारही बाजूंना चार बोटे जास्त असे दोन तुकडे लावून कडा दुमडून शिवावे. ठिगळाचे कापड एकदा भिजवून वाळवलेले असावे, नाहीतर ते पहिल्या पावसात आटून भोवतालचे जुने कापड ओढून नव्याने फाडेल.