मागे काहीच लिहिलेलं नाही असा पणजोबांच्या काळातला ग्रुप फोटो कोणत्या सालचा हे कसं ओळखायचं? आणि ॲपने साफ करून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून फोटो असा दिसतो: जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मागची बाजू कोरी, खाली स्टुडिओच्या नावाची शेवटची काही अक्षरं तेवढी उरलेली, गडद भागांवर कडेने निळसर चकाकी. घरात कोणी म्हणतं १९०० चा, कोणी म्हणतं १९४० चा. वंशावळीत टाकायचा आहे आणि त्याआधी मोबाइलवरच्या ॲपने साफ करायचा विचार आहे.

साफसफाई जरा थांबवा, आधी साल. तुम्हाला जे डाग वाटतायत त्यातलेच काही साल सांगतात.

एकच आकडा मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. दोन टोकं शोधायची असतात: फोटो याच्या आधीचा असणं शक्य नाही, आणि याच्या नंतरचा असणं शक्य नाही. मग ही दोन टोकं जितकी जवळ आणता येतील तितकी आणायची.

तुमचं पहिलं टोक त्या निळसर चकाकीत आहे. जिलेटिनच्या कागदातली चांदी हवा-दमटपणाने हळूहळू पृष्ठभागावर येते आणि फोटो तिरपा धरला की गडद जागी आरशासारखी चमकते. हा कागद १८९० च्या सुमारास रुळायला लागला. त्याआधी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला पातळ कागद वापरायचे. तो भिंगाखाली धरला की कागदाचे तंतू दिसतात, बारीक भेगा दिसतात आणि उजळ भाग पिवळट पडलेले असतात. पातळ असल्यामुळे तो गुंडाळला जायचा, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. त्यामुळे पुठ्ठा आहे म्हणजे फोटो फार जुना असं मात्र नाही. पुठ्ठ्यावर लावायची पद्धत जिलेटिनच्या काळातही बरीच वर्षं चालू राहिली. साधारण साडेचार बाय साडेसहा इंची ‘कॅबिनेट’ आकाराचा पुठ्ठा असेल, तर तो प्रकार १८६६ पासूनचा आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मागे पडलेला. म्हणजे १९४० वाले काका बहुधा हरणार.

पण एक मेख आहे. कागदाचं साल म्हणजे फोटोचं साल नव्हे. आपल्याकडे माणूस गेल्यावर ग्रुपमधला त्याचा चेहरा वेगळा काढून, मोठा करून, वरून रंगाचे हात मारून भिंतीवर लावायची पद्धत होती. मूळ फोटो १९१० चा आणि भिंतीवरचा १९५५ चा, हे सर्रास घडलेलं आहे. तुमचा मूळ आहे की फोटोवरून काढलेला फोटो, हे बघायचं तर खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरा. चित्रात भेग किंवा सुरकुती दिसते, पण त्या जागी पृष्ठभाग सपाट आहे? मग ती भेग आधीच्या फोटोची. कडेला जुन्या चौकटीची किंवा टाचणीची सावली दिसली तर प्रश्नच मिटला. मग कागदावरून निघालेलं साल फक्त त्या नकलेला लावायचं.

स्टुडिओचं नाव पुरं लागलं तर नशीब, कारण स्टुडिओ कधी सुरू झाला ते कळलं की पहिलं टोक पक्कं होतं. नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळांचा मुंबईतला स्टुडिओ १८९६ चा, त्यामुळे त्या पत्त्याचा पुठ्ठा त्याआधीचा असत नाही. ट्रंकेतल्या बाकीच्या फोटोंची पाकिटंही टाकू नका. दर आण्यांत असतील तर साधारण एप्रिल १९५७ च्या आधीची, ‘नवे पैसे’ असतील तर त्यानंतरची. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. जुनी छापलेली पाकिटं संपेपर्यंत वापरणारे स्टुडिओवाले होतेच, तेव्हा दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरा.

कपड्यांवरून घाई नको. नऊवारी नेसलेली आजी १८९० मध्ये बसलेली असेल किंवा १९७० मध्ये, काहीच कळत नाही. काळ बघायचा तो घरातल्या तरुण पोरांवरून. पगडी-पागोट्यांच्या रांगेत एखाद्या तरुणाच्या डोक्यावर गांधी टोपी असेल तर फोटो १९२० च्या आसपासचा किंवा नंतरचा. मनगटी घड्याळाचंही साधारण तसंच.

रंगांच्या बाबतीत मात्र जुनी काच फसवते. फोटो काढायला १९३० च्या दशकापर्यंत सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल ते काळं उमटायचं आणि निळं पांढुरकं. म्हणून कुंकू काजळाच्या टिक्क्यासारखं दिसतं. एखादी बाई पूर्ण काळ्या लुगड्यात, डोक्यावरून पदर, हातात बांगड्या नाहीत अशी दिसली, तर ते लुगडं काळं नसून लालसर आलवण, म्हणजे विधवेचं वस्त्र, असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर तिच्या नवऱ्याच्या मृत्यूची तारीख हे तुमचं आणखी एक टोक झालं.

सगळ्यात नेमकं घड्याळ म्हणजे लहान मुलं. मोठ्या माणसाचं वय दहा वर्षांनी चुकू शकतं, मांडीवरच्या बाळाचं सहा महिन्यांपलीकडे फारसं चुकत नाही. आमच्या घरच्या एका फोटोत पणजी खुर्चीत बसली आहे आणि तिच्या मांडीवर आधाराशिवाय बसलेलं बाळ आहे. पणजी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली, म्हणजे शेवटचं टोक ठरलेलं. बाळ म्हणजे माझे आजोबा. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९१५. पण १ जूनला जन्मलेली माणसं आपल्याकडे किती आहेत हे तुम्हाला माहीत आहेच. मास्तरांनी लिहिली ती तारीख. पोथ्यांच्या बासनात जन्मपत्रिका निघाली, तिच्यात मार्गशीर्ष शके १८३७. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (माघ-फाल्गुन असेल तर ७९, पौष दोन्हीकडे पडू शकतो), म्हणजे डिसेंबर १९१५. आधाराशिवाय बसणारं बाळ सहा-सात महिन्यांचं तरी असणार, म्हणून फोटो १९१६ च्या उत्तरार्धातला. दाखल्यावर विसंबलो असतो तर अर्धं वर्ष आधीच जाऊन बसलो असतो.

तुमच्या फोटोतली मुलं मोजा आणि वंशावळीशी ताडून बघा. एखादं मूल जास्त भरलं तर गोंधळून जाऊ नका. लहानपणी गेलेली मुलं आणि पहिली बायको वंशावळीत नसणं हे नेहमीचंच, आणि गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायचीही रीत होती. अशा वेळी तहसील कचेरीतला गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, काढून बघा. जन्म-मृत्यू तिथे मिळतात. जुनी पानं मोडीत असतील, तर वाचणारा गाठावा लागेल. त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूरला तुमचे तीर्थोपाध्याय असतील तर त्यांच्या वह्यांत कोण कधी कोणाबरोबर आलं होतं हेही सापडतं. दक्षिण महाराष्ट्रातले असाल तर हेळव्यांना, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या वंशावळी राखणाऱ्यांना, विचारा.

आता दुरुस्ती. आधी मूळ फोटो जसा आहे तसा स्कॅन करा: फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय, फोटो अगदी छोटा असेल तर १२००. काळा-पांढरा असला तरी रंगीत स्कॅन, टिफ फाइल. पिवळेपणा, चकाकीची छटा हा सगळा पुरावा आहे. मागची बाजू कोरी असली तरी तीही स्कॅन करा. पुसट झालेली पेन्सिल कधीकधी कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर दिसते. ही फाइल कधीही बदलायची नाही. काय करायचं ते तिच्या नकलेवर.

ॲपबद्दल माझं मत कडक आहे. भेगा आणि ठिपके भरण्यापुरतं ठीक. ‘चेहरा स्पष्ट करा’ हे बटण दाबलंत की ते तुमच्या पणजीचा चेहरा काढत नाही, हजारो भलत्याच चेहऱ्यांवरून एक नवा बनवतं. आमच्या त्याच फोटोवर गंमत म्हणून चालवून बघितलं, तर कपाळावरचं कुंकू डाग समजून पुसलं आणि नथीची वरच्या ओठावर काळपट रेघ केली. देवीचे व्रण तर पहिल्या फटक्यात गुळगुळीत होतात. ‘अमक्या आत्याच्या तोंडावर देवीचे व्रण होते’ एवढ्या एका आठवणीवर माणूस ओळखायचा असतो, आणि तेच जातं. रंग भरणारं ॲप लुगड्याला जो रंग देतं तोही मनाचाच. भिंतीवर लावायला हवा तर लावा, पण वंशावळीत मूळ स्कॅनच जाऊ द्या.

मूळ फोटोला पाणी, स्पिरिट, ओला बोळा काहीही लावू नका. बुरशी असेल तर आधी कोरडी होऊ द्या आणि घराबाहेर, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटका. फोटो काचेला चिकटला असेल (कोकणात हे फार) तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. नावं लिहायची तर मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने.

पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्याचा तिरप्या उजेडात काढलेला एक क्लोजअप आणि मांडीवरच्या किंवा पुढे बसलेल्या मुलांचा एक, असे दोन फोटो इथे टाका. अक्षरं नुसती दाबून उठवलेली असली तरी सावलीत वाचता येतात. त्या घरातले कोण कधी गेले याच्या जेवढ्या तारखा पक्क्या माहीत आहेत तेवढ्याही लिहा.