‘बायको नेटवर्कमध्ये गेलीय, बाहेर कशी काढू?’

हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा नवरे घेऊन येतात, कधी आईवडील. कराडकडच्या एका गावातले एक गृहस्थ असेच आले. बायको वर्षभरापासून एका कंपनीची उत्पादनं विकते, दर रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये मीटिंगला जाते, नातेवाईक आता फोन उचलत नाहीत. ‘मॅडम, हे चेन मार्केटिंग म्हणजे कायद्यानं बंदी असलेला धंदा. हिला एवढं समजावा,’ असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या खेपेला बायकोही आल्या. त्यांना इथे ताईच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांची तक्रार अगदी उलटी होती. ‘मला विकताना लाज वाटते. छातीत धडधडतं. अपलाइन, म्हणजे मला ज्यांनी यात जोडलं ते, म्हणतात, माइंडसेट कमजोर आहे, निगेटिव्ह माणसांपासून लांब राहा. माझी भीती घालवा.’

म्हणजे दोघांनाही मी एकेक काम सांगून पाठवावं अशी अपेक्षा होती, आणि दोन्ही कामं मला मान्य नव्हती.

नवऱ्याचा गैरसमज आधी मिटवला, कारण त्यावरून घरात रोज भांडण पेटत होतं. वस्तूंची थेट विक्री बेकायदा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियमच आले. बंदी आहे ती पिरॅमिड योजनेला आणि पैसे फिरवण्याच्या योजनेला. दुसरीबद्दल तर १९७८ पासून स्वतंत्र कायदा आहे. माल खऱ्या ग्राहकाच्या घरात वापरला जातो आणि त्यावर कमिशन मिळतं, तोवर तो धंदा आहे. नवी माणसं जोडली तरच पैसे हलतात आणि माल नावापुरता, तिथे गडबड आहे. ‘सगळं फ्रॉड आहे’ असं म्हणणाऱ्या नवऱ्याला बायकोच्या पिशवीतली चांगली टूथपेस्ट दाखवली की त्याचा मुद्दाच संपतो. म्हणून तो शब्द मी घरात बंद करायला सांगते.

ताईंना म्हटलं, तुमची वही घेऊन या.

या धंद्यात शिरताना पहिल्याच दिवशी ‘लिस्ट’ करायला लावतात, ओळखीच्या शंभर जणांची. ताईंनी शाळेच्या दोनशे पानी वहीत ती नीटनेटकी आखली होती. नाव, फोन, आणि तिसऱ्या रकान्यात ‘गरज’. मावशी – गुडघे. जाऊबाई – शुगर. भिशीतल्या एक – केस गळतात, पैसा आहे. शेजारच्या वहिनी – मूल नाही. मी काहीच बोलले नाही, नुसतं मोठ्यानं वाचत गेले. त्या शेवटच्या ओळीवर ताईंनी वही माझ्या हातातून काढून घेतली.

‘हे मला असं लिहायला सांगितलं होतं,’ त्या म्हणाल्या. सांगितलं असणारच. समोरच्याचं दुखणं शोधा आणि त्यावर बोट ठेवा, हे सगळ्या विक्री प्रशिक्षणांत शिकवतात. पण आपल्या लोकांत तो रकाना भरायला वेळ लागत नाही, सगळ्यांचं सगळं आपल्याला माहीत असतं, आणि ते विश्वासानं सांगितलेलं असतं.

मग धडधडीकडे वळलो. मी गिऱ्हाईक झाले, त्या विक्रेत्या. टूथपेस्टबद्दल बोलताना ताईंचा आवाज एकदम घरचा होता. शुगरच्या पावडरीवर आल्या तशा त्या भरभर, प्रमाण मराठीत बोलायला लागल्या, मध्येच ‘सेल लेव्हलवर काम करते’ वगैरे. नजर टेबलावर. मी विचारलं, यातलं कोणतं वाक्य तुम्ही स्वतः पाहून सांगताय? बराच वेळ गेला. ‘कुठलंच नाही. ते व्हिडिओत आहे.’

ही भीती मला घालवायची नव्हती. ती अगदी ठरावीक वाक्यांना येत होती, आणि ती वाक्यं खोटी होती. लाजाळूपणा वेगळा असतो. तो टूथपेस्ट विकतानाही दिसला असता.

त्या पावडरीचा डबा आम्ही दोघींनी मिळून वाचला. मागे बारीक इंग्रजी अक्षरांत छापलं होतं की हे आरोग्यपूरक आहे, औषधी वापरासाठी नाही. कंपनी स्वतः डब्यावर जे नाकारते ते ताई दारोदारी सांगत होत्या. मधुमेह बरा होतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे, आणि अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पुरवण्यांनाही रोग बरे करण्याचे दावे चालत नाहीत. जाऊबाईंनी तो व्हिडिओ पाहून गोळी एक दिवसाआड केली होती. ‘मी औषध बंद करा म्हटलं नव्हतं,’ ताई म्हणाल्या. खरं होतं, त्यांनी फक्त व्हिडिओ पुढे पाठवला होता. त्या संध्याकाळी त्यांनी जावेला घेऊन डॉक्टर गाठला.

हिशेबाला मात्र अर्धा तास पुरला. चौदा महिन्यांत खात्यात आलेलं कमिशन २३,४०० रुपये, हातविक्रीतला नफा ६,२००. एकूण २९,६००. समोरच्या बाजूला कपाटात पडून असलेला माल १८,७०० चा, सेमिनारची तिकिटं आणि प्रवास ११,५००, ‘वापरून बघा’ म्हणून फुकट वाटलेलं ४,०००. म्हणजे ३४,२००. कपाटातला माल आला कुठून? महिनाअखेरीला पीव्ही, म्हणजे खरेदीवर मिळणारे पॉइंट, कमी पडले की अपलाइनचा फोन यायचा, आणि ताई स्वतःच्या पैशानं पॉइंट भरून रँक टिकवायच्या. त्यांच्या मते त्या ‘कमवत’ होत्या, कारण कमिशनचा मेसेज मोबाइलवर यायचा आणि खर्चाचा येत नाही.

‘फक्त सहा जण आणा, तेही सहा आणतील’ हेही कागदावर करून पाहिलं. सहा, छत्तीस, दोनशे सोळा... अकराव्या पायरीला ३६ कोटींच्या वर माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाखांच्या आसपास आहे. नवरा हे ऐकून हसला, ताई हसल्या नाहीत. त्यांच्या खाली आलेल्या चौघी त्यांच्याच माहेरच्या होत्या.

इथे नवऱ्यालाही थोडं ऐकावं लागलं. ताई पैशाच्या बाबतीत भोळ्या नव्हत्या. तोटा होतोय हे त्यांना आतून ठाऊक होतं. तरी जात होत्या, कारण त्या हॉलमध्ये माइकवरून त्यांचं नाव पुकारलं जायचं, दोनशे माणसं टाळ्या वाजवायची. सासरी अठरा वर्षांत त्यांना कुणी नावानं हाक मारली नव्हती. बायकोला ‘बाहेर काढायची’ घाई असलेल्या माणसानं ती कशासाठी आत गेली हे आधी विचारावं. त्यांनी विचारलं नव्हतं, हे ते स्वतःच म्हणाले.

पुढचे निर्णय ताईंचे. माणसं जोडणं थांबवलं. माहेरच्या चौघींना तोंडानं सांगितलं की तुमचा हिशेब मांडा, मी पीव्हीसाठी फोन करणार नाही. करार काढून माल परतीच्या अटी वाचल्या. सील न फोडलेला काही माल कंपनीनं घेतला, मुदत जवळ आलेला घेतला नाही. अपलाइननं ‘तुम्हाला कुणीतरी निगेटिव्ह केलंय’ म्हणून सांगितलं. ते बहुधा माझ्याबद्दल होतं.

विक्री मात्र त्यांनी सोडली नाही, आणि मीही सोडा म्हटलं नाही. नफ्याचे ते ६,२०० कुठून आले हे पाहिलं तर बहुतेक भांड्यांच्या लिक्विडमधून आणि टूथपेस्टमधून, तेही लिस्टमध्ये नसलेल्या बायकांकडून, ज्या स्वतः मागायला आल्या होत्या. आता ताईंचं बोलणं असं असतं: ‘ताई, हे दुकानातल्यापेक्षा महाग आहे. पण पातळ करून वापरलं तर बाटली दीड महिना जाते. एक न्या, नाही पटलं तर परत करा. मला यात साठ रुपये सुटतात.’ हे शेवटचं वाक्य त्यांनी स्वतः घातलंय. थेट विक्रीच्या नियमांतही घरी जाताना आधी वेळ घेणं, ओळखपत्र दाखवणं, किंमत आणि परतीच्या अटी सांगणं सक्तीचं आहे. फारच थोडे विक्रेते हे पाळताना दिसतात. ग्राहक म्हणून फसगत झाली असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

महिन्याला सातआठशे रुपये सुटतात. रँक गेली, हॉल गेला, टाळ्याही गेल्या. त्याचं वाईट त्यांना अजून वाटतं, आणि त्यावर आमचं बोलणं चालू आहे.

शेजारच्या वहिनी मात्र त्यांच्याशी बोलत नाहीत. जाऊन बोलू का, असं ताईंनी मागच्या खेपेला विचारलं. म्हटलं, जा, पण पिशवी घरी ठेवून.