सातबाऱ्यावरचं ‘अज्ञान’ म्हणजे अडाणी का?

प्रश्न असाय की काका ग्रॅज्युएट, तरी सातबाऱ्यावर त्यांच्या नावापुढं ‘अ.पा.क. आई’ आणि खाली आजीचं नाव आहे, कुणीतरी सांगितलं की त्यातला अ म्हणजे अज्ञान, तर हा अपमान आहे का चूक?

दोन्ही नाही. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे अज्ञानाचा सांभाळ करणारा, तुमच्या काकांच्या बाबतीत त्यांची आई. इथं अज्ञान म्हणजे वयानं लहान, अठरा पूर्ण नसलेला. पेपरवाले अल्पवयीन लिहितात, तलाठी अज्ञान लिहितो, आणि मला विचाराल तर तलाठ्याचा शब्द जास्त मुरलेला आहे. कारण आपण पोराचं लहानपण वर्षात कमी आणि कळण्यात जास्त मोजतो. कळतं पोरगं, नकळतं वय, जाणतं झालं, अजाण लेकरू, सगळीकडं तेच. नारदस्मृती या जुन्या कायद्याच्या ग्रंथात आठ वर्षांपर्यंतचं मूल गर्भातल्यासारखंच धरलंय, सोळापर्यंत बाल, आणि त्यापुढचा ‘व्यवहारज्ञ’, म्हणजे देणंघेणं, कोर्टकचेरी कळणारा. ज्याला हा व्यवहार कळत नाही तो अज्ञान, कळतो तो सज्ञान, एवढाच हिशोब. गंमत म्हणजे इंग्रजांच्या कायद्यात एकवीस वर्षांच्या आतल्या सगळ्यांना इन्फंट म्हणायचे आणि त्या शब्दाचा लॅटिनमधला मूळ अर्थ ‘बोलता न येणारा’, म्हणजे वीस वर्षांचा मिशीवाला गडी पण मुका!

आपल्याकडं अठराचा आकडा १८७५ च्या कायद्यानं आला. पण कोर्टानं पालक नेमला असेल तर एकवीस धरायचे, ते १९९९ ला गेलं. जमिनीत याचा फरक पडतो, कारण १९५६ च्या कायद्यानुसार हिंदू कुटुंबात आईबाप असले तरी अज्ञानाच्या नावावरची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि विकलीच तर पोराला सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत दावा टाकता येतो.

आणि सांगलीकरांनी तर या शब्दाला हसूच नये. मिरज जहागिरीचे वारस चिंतामणराव पटवर्धन लहान होते तेव्हा तिचा कारभार चुलते गंगाधरराव बघायचे, पुतण्या जाणता झाला, दोघांचं फाटलं, १८०१ च्या सुमारास वाटण्या झाल्या, मिरज चुलत्याकडं राहिली आणि चिंतामणरावांनी सांगलीला राजधानी केली. म्हणजे आपलं गाव अ.पा.क. च्या भांडणातनंच मोठं झालंय.

राहिला तुमच्या काकांचा शेरा. माणूस मोठा झाला म्हणून तो आपोआप जात नाही, वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडं अर्ज द्यायचा, फेरफार म्हणजे बदलाची नोंद पडते, ती मंडळ अधिकारी मंजूर करतो. आमच्या तासगावकडच्या चुलत्यांनी तो सत्तरीत काढला, त्यासाठी ट्रंकेतनं शाळेचा पिवळा पडलेला दाखला शोधला, आणि घरी येऊन काकूला म्हणाले, आजपास्नं मी सज्ञान, आता तरी चहात साखर घालशील का.